कोब्राचे सुटे भाग : शस्त्राचा खरा मालक कोण?

१९७६मध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीसाठी एक अहवाल तयार झाला. विषय होता, इराणला विकली जाणारी अमेरिकी शस्त्रे. पुढची पाच ते दहा वर्षे तरी इराण अमेरिकेच्या रोजच्या मदतीशिवाय युद्धात उतरू शकेल असे दिसत नाही, असा निष्कर्ष त्यात काढला होता. शस्त्रे इराणची होती, पैसे इराणने मोजले होते. पण ती चालती ठेवण्याचे ज्ञान आणि सामान अमेरिकेकडे होते.

चारच वर्षांनी, २२ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा इराणमध्ये घुसल्या. तोवर इराणमध्ये क्रांती झाली होती. अमेरिकी तंत्रज्ञ परत गेले होते आणि सुट्या भागांचा पुरवठा बंद पडला होता. अहवालाप्रमाणे इराणचे सैन्य काही आठवड्यांत बसायला हवे होते. प्रत्यक्षात युद्ध आठ वर्षे चालले.

मग अहवाल खोटा ठरला का? माझ्या मते तो अर्धा खोटा आणि अर्धा खरा ठरला. त्या दोन अर्धांमध्ये काय घडले हे पाहायचे असेल, तर इराणच्या ‘कोब्रा’ हेलिकॉप्टरांची गोष्ट पाहावी. आपल्याकडे इराण-इराक युद्धाविषयी लिहिताना शिया-सुन्नी, अरब-अजम, खोमेनी-सद्दाम एवढेच बोलले जाते. नट, बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांचाही एक इतिहास असतो, हे राहून जाते.

शहांची खरेदी

मे १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन तेहरानला आले. अण्वस्त्रे सोडून जवळपास कोणतेही शस्त्र इराणला विकायला त्यांनी मान्यता दिली. पुढच्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झाले, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्या तिजोरीत पैशाचा पूर आला. इराणने विमाने, रणगाडे, क्षेपणास्त्रे यांची अशी खरेदी केली की खुद्द विकणाऱ्यांनाही आश्चर्य वाटावे.

याच खरेदीत बेल कंपनीची २०२ ‘एएच-१जे’ कोब्रा हेलिकॉप्टरे होती. त्यांपैकी ६२ हेलिकॉप्टरांवर ‘टो’ हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र बसवता येत होते. जोडीला सैनिक आणि सामान वाहणारी २८७ ‘बेल २१४’ हेलिकॉप्टरेही मागवली गेली. त्या मॉडेलला ‘इस्फहान’ हेच नाव मिळाले.

कोब्रा हे केवळ हल्ल्यासाठी बांधलेले जगातले पहिले मोठे हेलिकॉप्टर. पहिले उड्डाण सप्टेंबर १९६५चे. दोन वर्षांत ते व्हिएतनामच्या युद्धात उतरले. अंग अरुंद, समोरून नेम धरणे अवघड. पुढच्या आसनावर नेमबाज, त्याच्या मागे उंचावर वैमानिक. नाकाखाली तीन नळ्यांची २० मिलिमीटरची तोफ. ‘टो’ असेल तर सुमारे पावणेचार किलोमीटरवरचा रणगाडा फोडता येई. मात्र क्षेपणास्त्र लक्ष्याला लागेपर्यंत नेमबाजाला आपली खूण त्या रणगाड्यावर रोखून धरावी लागे, कारण क्षेपणास्त्राच्या मागे बारीक तार उलगडत जाई आणि तिच्यातून त्याला दिशा मिळे.

इस्फहानमध्ये बेल कंपनीने मोठी वसाहतच उभारली. शिकवणारे अमेरिकी, दुरुस्त करणारे अमेरिकी, गोदामाचा हिशेब ठेवणारेही अमेरिकी. व्हिएतनामहून परतलेले अनेक जण तिथे नोकरीला होते. त्यांचे पगार आणि वागणे यांवरून शहरात कुरबुर होती. क्रांतीच्या आधी इराणमधल्या अमेरिकी नागरिकांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली होती. बेलची हेलिकॉप्टरे इस्फहानजवळच बनवण्याचा करार झाला होता, कारखाना उभा राहत होता. तो पुरा होण्याआधीच क्रांती झाली.

हेलिकॉप्टर सुटे भाग खाते

इथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे. विमानाचे पंख स्थिर असतात. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे डोक्यावर फिरणारी पाती. त्यांचा प्रत्येक फेरा सगळ्या सांगाड्याला हादरा देतो. इंजिनाचा प्रचंड वेग गिअरबॉक्स कमी करतो आणि उभ्या दांड्यातून पात्यांना देतो. शेपटीकडचा छोटा पंखा यंत्राला स्वतःभोवती गरगर फिरू देत नाही. यातला एक भाग मोडला तरी बाकीचे शाबूत असून उपयोग नसतो. बेलच्या या हेलिकॉप्टरांत पात्यांचा सगळा डोलारा दांड्यावर ज्या एका मोठ्या नटाने धरून ठेवलेला असे, त्याला व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक ‘जीझस नट’ म्हणत. तो निसटला तर पुढे फक्त प्रार्थनाच उरते, असा त्या विनोदाचा अर्थ.

म्हणून हेलिकॉप्टरच्या महत्त्वाच्या भागांना तासांचे आयुष्य ठरवून दिलेले असते. अमुक तास उडाले की पाते काढायचे, तमुक तास झाले की गिअरबॉक्स उघडायचा. भाग दिसायला कितीही चांगला असो, धातूच्या आत थकवा साचलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यात वाळवंटाची धूळ. ती इंजिनाच्या आतली बारीक पाती झिजवते, बाहेरच्या पात्यांच्या कडा खाते.

थोडक्यात, हेलिकॉप्टर विकत घेणे म्हणजे त्याच्या सुट्या भागांचा रतीब लावणे. आपल्या मोहल्ल्यातला गॅरेजवाला मिस्त्री हे एका वाक्यात सांगेल : गाडी कुणीही घेतो, पार्ट कुठे मिळतो ते आधी विचार.

कोब्राच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर एका देशात संपत नव्हते. हेलिकॉप्टर अमेरिकेचे, पण त्याचे जोड-इंजिन कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या शाखेत विकसित झालेले होते.

रतीब बंद

१६ जानेवारी १९७९ रोजी शहा देश सोडून गेले. ११ फेब्रुवारीला क्रांती यशस्वी झाली. बेलचे लोक त्याआधीच निघू लागले होते. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली. दहा दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इराणची अमेरिकेतली संपत्ती गोठवली. पैसे भरून झालेले लष्करी सामानही अमेरिकेतच अडकून पडले.

इराणच्या गोदामांत सामान नव्हते असे नाही. शहांनी भरपूर साठा केला होता. पण कोणता भाग कोणत्या कपाटात आहे, याचा हिशेब अमेरिकी पद्धतीच्या संगणक यंत्रणेत होता आणि ती चालवणारे निघून गेले होते. हजारो खोकी समोर होती, पण हवा तो भाग कोणत्या खोक्यात आहे हे कळायला मार्ग नव्हता. युद्ध सुरू झाल्यावरही असे साठे सापडत राहिल्याचे या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. जो माल आहे हे ठाऊकच नाही, तो नसल्यासारखाच.

याच काळातली एक घटना दुसऱ्या बाजूची आहे. एप्रिल १९८०मध्ये वकिलातीतल्या ओलिसांना सोडवण्यासाठी अमेरिकेने ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरे पाठवली. मोहीम पुढे न्यायला किमान सहा लागणार होती. एक पात्यातल्या बिघाडाच्या इशाऱ्यामुळे वाटेत सोडावे लागले, एक धुळीच्या लोटांतून परत फिरले. सहा तबसजवळच्या वाळवंटात उतरली. त्यांपैकी एकाची हायड्रॉलिक यंत्रणा बिघडलेली निघाली. उरली पाच. मोहीम रद्द झाली. परतताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळले आणि आठ अमेरिकी सैनिक मेले.

इराणमध्ये या घटनेकडे ईश्वरी मदत म्हणून पाहिले गेले, आजही पाहिले जाते. श्रद्धेचा मुद्दा मी श्रद्धेपाशी ठेवतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते एवढेच, की जगातली सर्वांत श्रीमंत फौजही वाळवंटात एका हायड्रॉलिक बिघाडापुढे हतबल झाली. सुट्या भागांचा कायदा सगळ्यांना सारखा आहे.

एक काढून दुसरे उडवणे

युद्ध सुरू झाले तेव्हा इराणच्या सैन्यात गोंधळ होता. शहांशी निष्ठावान समजले गेलेले अनेक अधिकारी मारले गेले होते, तुरुंगात होते किंवा पळाले होते. तरीही खुझिस्तानच्या सपाट प्रदेशात आणि केरमानशाह-इलामच्या डोंगराळ सीमेवर इराकी रणगाडे अडवण्यात कोब्रांचा मोठा वाटा होता. अहमद केशवरी आणि अली अकबर शिरूदी या दोन वैमानिकांची नावे इराणमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असतात. केशवरी १९८०च्या अखेरीस मारले गेले, शिरूदी १९८१च्या वसंतात. समोर इराककडे सोव्हिएत बनावटीची मी-२५ आणि फ्रेंच गझेल ही हेलिकॉप्टरे होती. हेलिकॉप्टर विरुद्ध हेलिकॉप्टर अशा दुर्मीळ चकमकी या युद्धात झाल्या. कोणी किती पाडली, याचे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत.

ही गोष्ट केवळ शौर्याची मानून चालणार नाही. सीमेवर इराकी रणगाडे येण्याच्या आधी, १९७९मध्ये, नव्या सरकारने कुर्दिस्तानातल्या बंडाविरुद्ध हेलिकॉप्टरे वापरली होती. केशवरी आणि शिरूदी तिथेही लढले होते. शहांनी घेतलेली शस्त्रे क्रांतीच्या सरकारने आधी आपल्याच देशातल्या लोकांवर चालवली, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

सुटे भाग नसताना हेलिकॉप्टर उडवण्याचा एकच जुना मार्ग असतो : एक उघडायचे आणि त्याच्या भागांवर दुसरे चालवायचे. इराणने तेच केले. पाडलेले, आदळलेले, बिघडलेले कोब्रा भागांची खाण बनले. हा मार्ग जीव वाचवतो, पण संख्या खातो. ताफा कागदावर दोनशेचा आणि आकाशात त्याच्या काही अंशाचा, अशी स्थिती येते.

आपल्याकडे कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथल्या कारागिराला बंद पडलेल्या मॉडेलची गाडी रस्त्यावर ठेवणे जमते. पण त्याच्या गाडीचा भाग निकामी झाला तर ती रस्त्याच्या कडेला थांबते. हेलिकॉप्टरला थांबायला कडा नसते.

शत्रूच्या दुकानातून

उघडा बाजार बंद झाला की चोरबाजार उघडतो. १८ जुलै १९८१ रोजी अर्जेंटिनाचे एक मालवाहू विमान तेहरानहून परतताना सोव्हिएत हद्दीत शिरले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाशी टक्कर होऊन कोसळले. त्यातून जगापुढे आले की इस्रायलहून इराणला लष्करी सामान जात होते. ‘इस्रायल मुर्दाबाद’ची घोषणा आणि इस्रायलहून आलेले खोके एकाच देशात एकाच वेळी होते. इस्रायलचा हिशेब सरळ होता. त्याला तेव्हा इराकची भीती अधिक होती आणि दोन्ही देश लढून थकले तर त्याचे नुकसान नव्हते.

इराकची गतही वेगळी नव्हती. युद्ध सुरू होताच सोव्हिएत संघाने इराकचा शस्त्रपुरवठा रोखला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत सद्दाम यांना सोव्हिएत बनावटीचा दारूगोळा आणि भाग यांच्यासाठी इजिप्तकडे जावे लागले. इस्रायलशी तह केल्याबद्दल ज्या इजिप्तला अरब जगातून बहिष्कृत करण्यात इराक सर्वांत पुढे होता, तोच हा इजिप्त.

अमेरिकेचा दुटप्पीपणा तर जगजाहीर झाला. १९८३पासून रोनाल्ड रेगन यांचे सरकार ‘ऑपरेशन स्टाँच’ नावाने देशोदेशी फिरून इराणला शस्त्रे विकू नका असे सांगत होते. १९८५मध्ये त्याच सरकारच्या संमतीने इस्रायलमार्फत इराणला ‘टो’ क्षेपणास्त्रे गेली. पहिल्या खेपेत ९६, दुसऱ्या खेपेत ४०८. फेब्रुवारी १९८६मध्ये आणखी एक हजार आणि ऑक्टोबरात ५०० गेली. लेबननमध्ये ओलीस असलेले अमेरिकी सुटावेत, हा एक हेतू. आलेल्या पैशाचा एक भाग निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवला गेला.

मे १९८६मध्ये रेगन यांचे माजी सुरक्षा सल्लागार रॉबर्ट मॅकफार्लेन गुपचूप तेहरानला आले. त्यांच्या विमानात ‘हॉक’ या विमानविरोधी क्षेपणास्त्राचे सुटे भाग होते आणि एक केकही होता. केकवर वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिले. माझ्या मते खरी बातमी त्या सुट्या भागांची होती. एका महासत्तेचा दूत ओलिसांच्या बदल्यात काय घेऊन आला, तर यंत्रांचे भाग. इराणला सर्वांत जास्त कशाची गरज आहे, हे अमेरिकेला नेमके ठाऊक होते. कारण ती गरज तिनेच निर्माण केली होती. ३ नोव्हेंबर १९८६ रोजी लेबननच्या ‘अश-शिरा’ साप्ताहिकाने हे प्रकरण उघड केले.

खराद आणि हातोडी

अहवालाचा खोटा ठरलेला अर्धा भाग इथे येतो. युद्धाच्या रेट्यात इराणच्या तंत्रज्ञांनी दुरुस्तीचे काम स्वतःच्या हातात घेतले. जुने भाग मोजून, कापून, तपासून नवे बनवायला सुरुवात केली. ‘पान्हा’ ही हेलिकॉप्टर दुरुस्तीची संस्था शहांच्या काळापासून होती, पण तिचे खरे शिक्षण युद्धाने केले. ‘टो’वरून ‘तूफान’ क्षेपणास्त्र तयार झाले. पुढे कोब्राचेच सुधारलेले रूपही ‘तूफान’ नावाने दाखवले गेले. इस्फहानजवळचा अर्धवट राहिलेला बेलचा कारखाना नंतर इराणच्या विमाननिर्मितीचे केंद्र बनला.

खरा ठरलेला अर्धा भागही विसरू नये. पत्रा ठोकता येतो, वायरिंग बदलता येते, नेम धरण्याची यंत्रणा नवी बसवता येते. पण इंजिनाच्या गाभ्यातली पाती आणि गिअरबॉक्सची दातेरी चाके ज्या दर्जाच्या धातूची लागतात, तो दर्जा वर्षानुवर्षांच्या संशोधनातून येतो. दोनशे कोब्रांपैकी आज थोडेच उरले आहेत. पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली यंत्रे देश अजूनही सांभाळतो आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि लाचारीचीही.

१९ मे २०२४ रोजी इराणचे अध्यक्ष इब्राहिम रईसी यांचे हेलिकॉप्टर पूर्व अझरबैजान प्रांतातल्या डोंगरात कोसळले. परराष्ट्रमंत्री हुसेन अमीर-अब्दुल्लाहियान यांच्यासह आठ जण गेले. हेलिकॉप्टर होते बेल २१२ : तेच घराणे, कोब्राच्याच कुळातले जोड-इंजिन. माजी परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ यांनी अमेरिकी निर्बंधांना जबाबदार धरले. इराणच्या लष्कराच्या अंतिम अहवालाने मात्र दाट धुके आणि हवामान हे कारण दिले. आपण अधिकृत अहवाल मानू. तरी देशाच्या अध्यक्षाला इतक्या जुन्या घराण्याच्या यंत्रात बसावे लागते, हा प्रश्न धुक्याने झाकला जात नाही.

हा प्रश्न एकट्या इराणचा नाही

पाकिस्तानने जुलै २०१८मध्ये तुर्कस्तानकडून ३० ‘टी-१२९’ हल्ला हेलिकॉप्टरे घ्यायचे ठरवले. दोन मुस्लिम देशांचा करार म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. पण त्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात अमेरिकी कंपनीची भागीदारी होती. अमेरिकेने निर्यात परवाना दिला नाही. वर्षानुवर्षे वाट पाहून करार बारगळला. बंधुभावाची भाषणे झाली, इंजिन मात्र आले नाही.

रशियासारख्या शस्त्रसम्राटालाही हा धडा मिळाला. मी-२४, मी-८ यांसारख्या हेलिकॉप्टरांची इंजिने मोठ्या प्रमाणात युक्रेनच्या झापोरिझ्झिया शहरातल्या ‘मोतोर सिच’ कारखान्यातून येत. सोव्हिएत काळात तो एकाच देशातला व्यवहार होता. २०१४मध्ये क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने पुरवठा थांबवला आणि रशियाला आपल्याच हेलिकॉप्टरांची इंजिने घरी बनवण्याची धावपळ करावी लागली.

अफगाणिस्तानची कथा सर्वांत बोलकी. तिथले तंत्रज्ञ रशियन बनावटीच्या मी-१७ हेलिकॉप्टरांची बरीचशी दुरुस्ती स्वतः करत. अमेरिकेने ती बदलून आपली ‘ब्लॅक हॉक’ दिली, ज्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांवर होती. २०२१मध्ये कंत्राटदार निघाले आणि हवाई दल बसू लागले. येणारे नवे यंत्र जुन्यापेक्षा आधुनिक होते. पण जुने त्यांचे होते, नवे कधीच त्यांचे झाले नाही.

आणि भारत? मे १९९८च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. त्याचा फटका नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांना बसला. ती ब्रिटनमध्ये बनलेली होती, पण मूळ आराखडा अमेरिकी. त्यामुळे भागांचा पुरवठा अडला आणि पाणबुड्या शोधणारी ही हेलिकॉप्टरे मोठ्या संख्येने जमिनीवर राहिली. त्यांचा एक तळ मुंबईत, कुलाब्याला होता. पुढच्याच वर्षी कारगिल घडले. रशियन बनावटीची जड हल्ला हेलिकॉप्टरे त्या उंचीवर कामाची नव्हती. मी-१७वर रॉकेटे बांधून काम भागवले गेले आणि २८ मे १९९९ रोजी त्यातले एक पाडले जाऊन चार जवान शहीद झाले.

त्या अनुभवातून ‘प्रचंड’ हे हलके हल्ला हेलिकॉप्टर उभे राहिले. ३ ऑक्टोबर २०२२ रोजी ते जोधपूरला हवाई दलात दाखल झाले आणि मार्च २०२५मध्ये १५६ हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटी रुपयांचा करार झाला. त्याचे ‘शक्ती’ इंजिन फ्रेंच कंपनीसोबत मिळून विकसित केलेले आहे, म्हणजे धागा अजून पुरता तुटलेला नाही. शिवाय स्वतः बनवले म्हणजे संकट टळले असेही नाही. जानेवारी २०२५मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा जीव गेला आणि देशभरातला ध्रुवचा ताफा थांबवावा लागला. फरक एवढाच की दोष शोधण्यासाठी कुणाच्या परवान्याची वाट पाहावी लागली नाही.

दख्खनचा जुना धडा

हा विचार नवा नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ अनेकांनी पाहिली असेल. ती विजापुरात ओतलेली नाही. ती १५४९मध्ये अहमदनगरला ओतली गेली, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२मध्ये विजापूरला गेली. ओतणारा होता रूमी खान या नावाने ओळखला जाणारा तुर्की कारागीर.

निजामशहाने इस्तंबूलहून तयार तोफ मागवली नाही. कारागीर ठेवला, भट्टी अहमदनगरला पेटवली. दख्खनच्या सुलतानांनी तुर्की, इराणी, हबशी माणसांना इथे जागा दिली, ती केवळ उदारपणाने नव्हे. ज्ञान माणसाच्या हातात असते आणि माणूस घरी आला तर ज्ञान घरी येते, हे त्यांना कळत होते. शहांनी उलट केले. त्यांनी इस्फहानला कारागीर आणले, पण ते बेलचेच राहिले आणि बेलबरोबरच परत गेले.

लगाम कुणाच्या हातात

आखातातल्या अनेक श्रीमंत मुस्लिम देशांकडे आज अपाची हेलिकॉप्टरे आहेत. लष्करी संचलनात ती छान दिसतात. त्यांचा लगाम कुठे आहे, हे इराणच्या अनुभवावरून कळते. पण या लगामाची दुसरीही बाजू आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

ज्याच्या हातात सुटे भाग आहेत, तो युद्ध थांबवू शकतो. मार्च २०१७मध्ये येमेनच्या होदेदाजवळ सोमाली निर्वासितांच्या बोटीवर हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. त्या युद्धात हल्ला हेलिकॉप्टरे होती ती सौदीच्या नेतृत्वाखालील आघाडीकडे. त्या आघाडीची यंत्रे पाश्चात्त्य भाग आणि तंत्रज्ञांवर चालत होती. तो रतीब काही आठवडे थांबला असता तरी आकाश शांत झाले असते. तो थांबला नाही. क्रांती झाली, अणुचाचणी झाली, विकणाऱ्याला देश नावडता झाला की पुरवठा एका रात्रीत बंद होतो. निर्वासितांच्या बोटीवर गोळीबार झाला म्हणून मात्र तो बंद होत नाही.

म्हणून १९७६चा तो अहवाल मला आजही वाचावासा वाटतो. शस्त्र विकणाऱ्याला विकण्याआधीच ठाऊक होते की दोरी आपल्या हातात राहणार आहे. ज्याला एवढी दोरी ठाऊक आहे, त्याने त्या यंत्राने काय केले हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे म्हणू नये. आणि जो घेतो, त्याने संचलनात हेलिकॉप्टर पाहून छाती फुगवण्याआधी आपल्या देशात तो गिअरबॉक्स उघडून परत बसवणारी किती माणसे आहेत, ते मोजावे. ती माणसे तंत्रशाळेत, कारखान्यात, खरादीवर घडतात. त्यांना घडायला वीस वर्षे लागतात आणि कोणत्याही करारात ती विकत मिळत नाहीत.